पिवळा दिवा आणि माझे व्याही

माझी मुलगी मला आप्पा म्हणते आणि तिच्या सासऱ्यांना बाबा. त्या घरात नवरा, दीर, शेजारची पोरं, सगळेच त्यांना बाबा म्हणतात, मग सुनेनं आणखी काय म्हणायचं? मला हे पटतं. पण फोनवर बोलता बोलता ती मध्येच मान वळवून "हो बाबा, आले," असं म्हणते, तेव्हा माझ्या हातातला चहा गोड लागत नाही.

आम्ही मूळचे उदगीरकडचे. वडिलांनी शेती भावाच्या हवाली केली आणि सिकंदराबादला येऊन लॉरीवर ड्रायव्हर झाले. मी पुढे स्वतःच्या दोन लॉऱ्या घेतल्या आणि गुडघ्यांनी साथ दिली तोवर चालवल्या. गुडघे गेले तशा लॉऱ्याही विकल्या. मुलगी एकुलती एक. तिला स्टिअरिंग मीच शिकवलं, बोवेनपल्लीच्या आमच्या घरामागच्या मोकळ्या मैदानात. तिनं झाडांचं शिक्षण घेतलं आणि लग्नानंतर घटकेसरच्या पुढे जागा भाड्यानं घेऊन नर्सरी सुरू केली. कुंड्या आणि रोपं पोचवायला पुढे नाक असलेला एक छोटा ट्रक घेतला. तो निवडताना तिनं मला सोबत नेलं होतं. शोरूममधल्या माणसानं किल्ली तिच्या हातात दिली आणि तिनं ती आधी माझ्या हातात ठेवली. तो दिवस मी पुष्कळ जणांना सांगितला आहे.

ट्रक मात्र तारनाक्याला उभा राहतो, तिच्या सासरच्या गल्लीत.

व्याही पुण्याचे. रेल्वेत सिग्नल खात्यात नोकरी, त्यानिमित्तानं इकडे आले आणि निवृत्त होऊनही इथंच राहिले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू आणि स्वच्छ. माझ्या बोलण्यात दर दोन वाक्यांमागे 'हौ' आणि 'नक्को' येतं, त्यांच्या बोलण्यात कधी खडा लागत नाही. त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही. कमी लेखलं असतं तर मला राग धरता आला असता. आता धरायला काही नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला.

"आप्पा, येता का? ट्रकच्या इंजिनाचा दिवा लागलाय. उद्या पहाटे नांदेडला माल घेऊन निघायचंय. तिथल्या नव्या शाळेची सगळी झाडं आहेत."

"कोणता दिवा? लाल की पिवळा?"

"पिवळा."

"हात लावू नको कशाला. मी निघालो."

बायको म्हणाली, गुडघ्याला पट्टा बांधा. मी पट्टा बांधला, पान्यांची पेटी काढली, स्वच्छ शर्ट चढवला आणि मग तो उतरवून कामाचा जुना शर्ट घातला. कितीतरी दिवसांनी कुणाला तरी माझी गरज लागली होती. ऑटोत बसलो तेव्हा मी तोंडातल्या तोंडात गुणगुणत होतो.

तारनाक्याच्या गल्लीत शिरलो तर ट्रकचं दार उघडं आणि ड्रायव्हरच्या सीटवर व्याही. स्टिअरिंगखाली त्यांनी आगपेटीएवढं एक यंत्र खोचलं होतं आणि फोनवर काहीतरी वाचत होते. मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी जवळ येऊन पेटी खाली ठेवली, तिचा आवाज झाला तेव्हा दोघांनी वर पाहिलं.

"या, या," व्याही म्हणाले. "आप्पा आले, आता काळजी नाही. हा स्कॅनर मुलानं मागवून दिला. हवेचा दाब कमी पडतोय असं दाखवतोय. टर्बोकडून इंजिनात जी हवा जाते ना, तिचा."

मी तीस वर्षं गाडीचा आवाज ऐकून, धूर बघून रोग ओळखत आलो. हे यंत्र मी यायच्या आत बोलून मोकळं झालं होतं.

"दिवा कधी लागला?" मी मुलीला विचारलं.

"परवा. घटकेसरच्या पुलावर. चढावर एकदम दम टाकला गाडीनं. बाबा म्हणाले, हळू घेऊन ये घरी."

परवा. म्हणजे परवा ती पुलावर एकटी अडकली असताना तिनं त्यांना फोन केला होता. मला आज. त्यानंतर गाडीकडे बघताना माझं लक्ष गाडीवर नव्हतं. मी तिला इंजिन सुरू करायला लावलं, बॉनेट उचललं, कान दिला. एक बारीक फुसफुस ऐकू येत होती. मी बॉनेटचा दांडा धरून सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "टर्बो गेला. नांदेड विसर."

"टर्बो?" मुलीचा चेहरा पडला.

"हौ. ही गाडी उद्या निघत नाही."

व्याही सीटवरून खाली उतरले. "असेलही," ते म्हणाले. "पण दिवा पिवळा आहे. आमच्याकडे पिवळा म्हणजे थांबा नव्हे. पुढे काहीतरी आहे, बघून चला. आधी सोप्या गोष्टी तपासू या का?"

"गाडी म्हणजे रेल्वे नाही."

"ते खरंच," ते म्हणाले. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मुलगी आमच्या दोघांकडे बघत होती. मग तिनं केस वर बांधले आणि माझी पेटी उघडली. आधी एअर फिल्टरचं झाकण काढलं. फिल्टर स्वच्छ होता, तिनं महिन्यापूर्वीच बदलला होता. मग घरात जाऊन झाडांवर पाणी फवारायची बाटली घेऊन आली, त्यात कपडे धुवायची पावडर घालून हलवली.

"फुसफुस येतेय म्हणजे कुठून तरी हवा निसटतेय," ती म्हणाली. "जिथं निसटेल तिथं फेस येईल. आप्पा, तुम्ही आत बसा. मी सांगेन तसं ॲक्सिलरेटर दाबा. बाबा, तुम्ही फोनवर आकडा बघा."

मी आत बसलो. उचललेल्या बॉनेटमुळे समोरचं काही दिसत नव्हतं. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये बोटभर फट होती, तिच्यातून फक्त हात दिसत होते. तिचे दोन, त्यात फवाऱ्याची बाटली. आणि त्यांचे दोन, एकात फोन, दुसऱ्यात बॅटरी. तिचा हात जिकडे जाई तिकडे उजेड आधी पोचलेला असे. तिला सांगावं लागत नव्हतं.

"दाबा आप्पा. आणखी थोडं. सोडा. परत."

मी दाबत होतो, सोडत होतो. माझ्या मैदानात शिकलेली पोरगी मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगत होती आणि बाहेर दोघं हळू आवाजात बोलत होते. इंजिनाच्या घरघरीत मला शब्द कळत नव्हते. एकदा ती हसली. काय झालं असेल हसण्यासारखं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

"सापडलं," तिचा आवाज आला. "बंद करा."

मी गुडघा धरत उतरलो. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीच्या पोटाशी, क्लॅम्पच्या पट्टीलगत, वरून दिसणार नाही अशा जागी चीर पडली होती. तिच्यावर साबणाचे बुडबुडे एकामागून एक फुगले होते. टर्बोला काही झालेलं नव्हतं.

"बघा बरं," व्याही म्हणाले. "आप्पांनी फुसफुस ऐकली म्हणून कळलं."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मला ते गिळायला जड गेलं.

नवी नळी राणीगंजच्या बाजारात मिळणार होती. माझ्या जुन्या ओळखीचं दुकान तिथं होतं. व्याही म्हणाले, चला, स्कूटरवर नेतो. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून मी जुनी नळी मांडीवर घेऊन त्यांच्या मागे बसलो.

राणीगंज म्हणजे माझा मुलूख. दुकानदारानं मला दुरूनच ओळखलं.

"अरे सेठ, बहोत दिनां के बाद! लारियां बेच दिए तो हमना भी भूल गए क्या?"

"घुटने भूल गए भाई, मैं नई भूला," मी म्हणालो. त्यानं नळी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि आत पोऱ्याला न पाठवता स्वतः शोधायला गेला. मी स्टुलावर ऐसपैस बसलो. व्याही दाराशी उभे होते, इस्त्रीच्या शर्टाला ग्रीस लागू नये म्हणून कोपर आवरून. मी त्यांची ओळख करून दिली नाही. त्यांना स्टूल द्या असंही म्हणालो नाही. दुकानदारानं चहा मागवला तेव्हा त्यानंच विचारलं, "साब कौन?"

"बेटी के ससुर."

दुकानदारानं त्यांना हात धरून आत घेतलं, गादीवर बसवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बहू की गाडी के वास्ते खुद आ गए? ऐसे समधी नसीबवालों कू मिलते सेठ."

माझ्या मुलखात, माझ्या माणसानं, माझ्यासमोर. मी चहा पुरा केला.

परतताना मेट्टुगुड्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली. व्याही मान थोडी मागे वळवून म्हणाले, "आप्पा, एक सांगू? सकाळी मीच तिला म्हटलं तुम्हाला फोन कर. ती म्हणत होती, उगाच धावपळ होईल त्यांची, गुडघे दुखतात. मी म्हटलं, अगं, त्यांना बरं वाटेल."

सिग्नल हिरवा झाला. त्यांना वाटलं, ते मला काही चांगलं सांगताहेत. सकाळी ऑटोत मी गुणगुणत आलो होतो, ते गाणंसुद्धा त्यांनी मला दिलेलं होतं. मी नळी घट्ट धरली.

नळी बसवायचं काम मी कुणाला करू दिलं नाही. क्लॅम्प मी आवळले, पुन्हा तपासले. व्याह्यांनी फोनवरून बिघाडाची जुनी नोंद पुसली आणि दिवा विझला. एकदा चालवून बघायला हवी होती. मुलगी किल्ली घेऊन म्हणाली, "आप्पा, चला," आणि मी व्याह्यांकडे न बघता चढून बसलो.

उप्पलच्या पुलावर गाडी चढावर सरळ गेली, दम टाकला नाही. मी दिव्याकडे बघत होतो. मग विचारलं, "परवा मला का नाही सांगितलंस?"

पूल उतरून गाडी तिनं बाजूला घेतली.

"रागावू नका आप्पा. तुम्हाला सांगितलं की तुम्ही पहिलं म्हणता, जाऊ नको. आजही तेच म्हणालात. बाबा विचारतात, कधी निघायचंय तुला."

"मला भीती वाटते माय. मी रस्ते बघितलेत."

"माहितीये मला. म्हणून तर तुम्हाला सगळं सांगत नाही."

हे ती प्रेमानं म्हणाली. माझ्या भीतीपासून ती मला सांभाळत होती आणि त्यासाठी दुसऱ्या माणसाकडे जात होती. मी म्हणालो, "क्लॅम्प उद्या निघताना एकदा हातानं बघ. नवी नळी गरम झाली की बसते, मग क्लॅम्प ढिला होतो." ती म्हणाली, "बघते." तेवढंच आमचं बोलणं झालं. परतलो तेव्हा व्याही फाटकापाशी उभे होते आणि ती खाली उतरायच्या आधीच खिडकीतून त्यांना अंगठा दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नर्सरीतल्या माळ्याला सोबत घेऊन निघाली. मी दिवसभर फोन जवळ ठेवला. संध्याकाळी तिचा फोन आला. झाडं नीट पोचली, एकही कुंडी फुटली नाही, दिवा लागला नाही.

"तिकडे कळवलंस का?" मी विचारलं. विचारू नये हे कळत होतं.

"हो, बाबांना केला मघाशी."

रात्री बायको म्हणाली, "तुम्ही असं का विचारता पोरीला? त्या घरात ती सुखात आहे, ह्याचं दुःख करणारा बाप मी पहिल्यांदा बघते." मी कूस बदलली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, पण त्यानं काही उतार पडला नाही.

तिसऱ्या दिवशी ती परत यायची होती. नांदेडकडून येणारा रस्ता मेडचलवरून आमच्या बोवेनपल्लीतच उतरतो. दुपारी गल्लीत ट्रकचा हॉर्न वाजला. माळ्याला तिनं बसस्टँडवर सोडलं होतं. धुळीनं भरलेली, डोळे लाल झालेली अशी ती आत आली आणि म्हणाली, "आई, भूक लागलीये. पुढे जायचं त्राण नाही." बायकोनं ज्वारीच्या भाकरी टाकल्या, अंबाडीची भाजी होती. ती खाली पाट घेऊन बसली, लहानपणी बसायची तशीच, भिंतीला टेकून. मी समोर बसलो. ती रस्त्याचं, शाळेचं, तिथल्या मुलांनी कुंड्या कशा उचलल्या त्याचं सांगत होती. हे सगळं ती पहिल्यांदा सांगत होती, हे मला तिच्या सांगण्यावरून कळत होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात भरलेले होते म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला.

"कुठवर आलीस गं?" व्याह्यांचा आवाज.

"बाबा, मी आप्पांकडे थांबले. जेवतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हो का?" मग ते म्हणाले. "बरं, बरं. आम्ही जेवायचे थांबलो होतो तुझ्यासाठी. काही हरकत नाही. सावकाश ये."

त्या 'हो का' मधला सूर मला ओळखीचा होता. त्यांनी तो लगेच झाकला, माझ्यापेक्षा छान झाकला. मी हे ऐकून खूश व्हायला नको होतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी परातीतली गरम भाकरी उचलली आणि मुलीच्या पानात वाढली. ती नको नको म्हणत होती, तरी.