साडूभाऊंच्या चिठ्ठ्या

जगात खरं बोलणारा एकच माणूस शिल्लक आहे आणि तो माझा साडू आहे, असं मी कुठंही छातीठोकपणे सांगतो. अडचण एवढीच, की हा माणूस जे खरं बोलतो ते तीन दशांश स्थळांपर्यंत बोलतो, त्यामुळं ते ऐकून घ्यायला सहसा कुणी थांबत नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती तीस वर्षं थांबली आहे. पण तिचा नाइलाज आहे. साडूभाऊ आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मीटर सांभाळायच्या खात्यात होते. बॉयलरचं तापमान, वाफेचा दाब असलं काहीबाही दाखवणारे जे काटे भिंतीवर असतात, ते नीट बोलतात की नाही हे बघणं ही त्यांची नोकरी. इतर माणसं घरी आली की नोकरी विसरतात. साडूभाऊ घरी येऊन तीच नोकरी हौसेनं आणि फुकट करत.

त्यांच्या पुढच्या खोलीत, जिथं इतरांकडं शोकेस आणि लग्नातला फोटो असतो, तिथं छतापर्यंत मीटर रचलेले आहेत. कुणी वीज मोजतं, कुणी आवाज मोजतं, आणि एक टीव्हीएवढा जाडजूड डबा वीज कशी नाचते ते हिरव्या रेघेत काढून दाखवतो. त्याला ते ऑसिलोस्कोप म्हणतात आणि अक्का 'सवत' म्हणते. यातलं एकही यंत्र त्यांनी धडधाकट विकत घेतलेलं नाही. कुणीतरी फेकलेलं, उंदरांनी संसार थाटलेलं, पावसात भिजलेलं असलं तरच त्यांना ते घ्यावंसं वाटतं. मग महिना महिना ते त्याच्या पोटात डोकं घालून बसतात. पण मोडका रेडिओ किंवा मिक्सर घेऊन कुणी दारात आलं, तर मात्र सोनाराकडं खुरपं घेऊन आल्यासारखं त्याच्याकडं बघतात. ते दुरुस्त करतात ती फक्त दुरुस्तीची यंत्रं. घरातला पंखा बंद पडला तेव्हा त्यांनी चार मीटर लावून कंडेन्सर किती उतरलाय हे अचूक काढलं, वहीत लिहिलं आणि वही मिटली. "मग आता पंखा फिरंल का?" अक्कानं विचारलं. "ते वायरमनचं काम हाय," साडूभाऊ म्हणाले. बीडकडचे तीन उन्हाळे अक्कानं पुठ्ठ्यानं वारा घेत काढले.

बीडच्या भंगार बाजारातले रफीकभाई हे त्यांचे जीवश्चकंठश्च. रफीकभाई असली यंत्रं किलोवर विकत. एकदा साडूभाऊंनी ऑसिलोस्कोप काट्यावर ठेवला आणि त्यांचा चेहरा पडला. काटा वजन कमी दाखवत होता, म्हणजे फायदा साडूभाऊंचाच होता. दुसऱ्यानं डबा उचलून रिक्षा गाठली असती. यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, तिथंच मांडी घालून काटा उघडला, नीट केला, आणि तोच डबा पुन्हा तोलून वाढीव वजनाचे पैसे दिले. रफीकभाईंनी कपाळाला हात लावला. "पच्चीस साल में पैला गिराइक देखा मैं, जो अपना नुस्कान करके मेरा काटा सुधारा," असं ते आजही येईल त्याला सांगतात.

त्याच डब्याला मांडीवर घेऊन ते एसटीनं निघाले, तर कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. मांजरसुंब्याला गाडी चहाला थांबली. साडूभाऊंना दम निघेना, त्यांनी डब्यातली तुटकी तार तिथंच जोडली आणि ढाब्यातल्या बोर्डात वायर खुपसली. हिरवी रेघ उमटली तशी चार ट्रक ड्रायव्हर भोवती जमले. त्यांना वाटलं क्रिकेटची मॅच लागणार. बराच वेळ रेघच हलत राहिली तेव्हा त्यातला एक वैतागून म्हणाला, "पावनं, ही रेघ हाय तरी कशाची?"

"ही या ढाब्याची लाईट हाय. लई वाकडी हाय बगा."

ढाबेवाला गल्ल्यावरून उठून आला. त्याला वाटलं वीज मंडळाची धाड पडली. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, वर रबडीही दिली, आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, रेघ आजच सरळ करून घेतो." साडूभाऊंनी त्याला रेघ सरळ नसतेच, ती नागमोडीच पाहिजे, हे समजावून सांगायला घेतलं. तोवर एसटी निघून गेली होती.

एका मीटरवर भरवसा ठेवायचा नाही, हा त्यांचा कुळाचार. पहिला मीटर दुसऱ्यानं तपासायचा, दुसरा तिसऱ्यानं. या उतरंडीच्या टोकाला एक काळी डबी आहे. कुठल्याशा कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकायला निघालं तेव्हा मिळालेला हा प्रमाण सेल. तो एक पूर्णांक शून्य एक आठ व्होल्ट देतो, त्यात इकडचं तिकडं होत नाही. त्याला थंड आणि एकसारखी हवा लागते, आणि घरात तशी जागा एकच, म्हणून साडूभाऊंनी तो देवघरात तुळजाभवानीच्या टाकाशेजारी बसवला. देवघरात आहे म्हटल्यावर अक्कानं त्याला हळदीकुंकू वाहिलं. साडूभाऊ केवढ्यानं ओरडले! "कुंकवानं फरक पडतो!" तेव्हापासून सगळ्या देवांना कुंकू आणि डबीला नुसता नमस्कार, असा तह झाला. आलेगेले पाहुणे मात्र डबीसमोर सुपारी ठेवून जातात.

त्यांच्या चिठ्ठ्या हा आणखी एक प्रकार. जे यंत्र खोटं बोलतं त्याच्या गळ्यात ते दोऱ्यानं चिठ्ठी बांधतात. तीवर किती खोटं बोलतं ते लिहिलेलं, आणि खाली दुरुस्तीची तारीख. ही तारीख आठ दिवसांपलीकडची कधीच नसे. खोटं बोलणारं यंत्र घरात आठ दिवसांवर राहिलं तर त्यांना अन्न गोड लागत नाही. यंत्र सुधारलं की चिठ्ठी टराटरा फाडायची. एकदा अक्काला ताप भरला, तेव्हा यांनी घरातले तीन थर्मामीटर कोमट पाण्यात बुडवून आधी त्यांचाच निवाडा लावला. दोघांना चिठ्ठ्या बांधल्या. तिसरा पास होऊन अक्कापर्यंत पोचला तेव्हा ताप उतरून अक्का भाकऱ्या थापत होती.

अशा माणसाचं एरवी गावानं काय केलं असतं कोण जाणे, पण दुष्काळ आला. सलग दोन वर्षं पाऊस तोंड दाखवायला आला आणि तसाच गेला. ऊस नाही म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही आणि साडूभाऊ बिनपगारी घरी बसले. ऊसतोडीला जाणारी माणसं त्या वर्षी लांब कर्नाटकात गेली. मागं राहिलेल्यांच्या घरात चूल पेटायची ती दुधावर. जनावरं छावणीत, चारा म्हणजे लांबून आलेलं उसाचं वाळकं वाढं, आणि ते खाऊन म्हशी जे काही देत ते गावच्या दूध संस्थेत जाई. संस्थेत फॅट मोजायचं इलेक्ट्रिक यंत्र होतं. ते बसवलं तेव्हा चेअरमननी नारळ फोडून त्याला हार घातला होता, आणि पहिलं दूध मोजलं तेही त्यांच्याच म्हशीचं. सगळ्यांत जास्त फॅट तिलाच निघालं, टाळ्या झाल्या. पण दुष्काळात यंत्र रोज चार-पाच जणांचं फॅट ठरलेल्या आकड्याच्या खाली दाखवू लागलं, आणि त्या आकड्याखालचं दूध संस्था परत करते. उन्हात बाया भरलेल्या चरव्या घेऊन माघारी चालू लागल्या. यंत्र चोर आहे, अशी बोंब उठली. संस्थेनं चौकशी समिती नेमली. तीत चेअरमन, चेअरमनचे मेहुणे आणि सेक्रेटरी होते. समितीनं तीन बैठका आणि एक जेवण करून सगळा दोष म्हशींवर ठेवला.

तेव्हा कुठं गावाला साडूभाऊ आठवले. "आपला इंजनेर हाय की! त्यो काढंल चोरी उघडी." सेक्रेटरीलाही नाही म्हणता येईना. सकाळचं दूध झाल्यावर साडूभाऊ गोधडीत गुंडाळलेला ऑसिलोस्कोप, सहा मीटर आणि देवघरातली डबी घेऊन संस्थेत शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर सगळं गाव बसलं. मी गावच्या शाळेत शिकवायचो; शाळा सुटल्यावर गेलो तर अक्का चरवी मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत होती. तिच्या म्हशीचंही दूध दोनदा परत आलं होतं, पण त्या दिवशी तिची मान ताठ होती. वीस वर्षं ज्या सवतींना तिनं घरात सांभाळलं, त्यांचा आज गावाला उपयोग होणार होता.

दिवस कलायला दार उघडलं. साडूभाऊ घामानं भिजले होते. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही.

"मला जमलं न्हाई," ते म्हणाले.

मग मागून एक जण ओरडला, "मग घरात दुकान कावून मांडलंय बे एवढं?" लोक हसले, आणि हसत हसत उठले. सेक्रेटरीनं सुटकेचा निःश्वास टाकला. अक्का चरवी उचलून एकटीच घराकडं चालू लागली. पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या हसण्यात मीही होतो. त्या उन्हाळ्यात जेवायला बसलं की मी मुद्दाम विचारायचो, "साडूभाऊ, मीठ बरोबर आहे का मोजून बघता, की तेही जमणार नाही?" ते भाकरी मोडत राहत. ते तेव्हा भांडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी मृगानं हात दिला. पाऊस असा झाला की ओढ्याकाठी हिरवा चारा कमरेएवढा वाढला. पोळ्याच्या आसपास एका दुपारी साडूभाऊ माझ्याकडं आले. "गुरुजी, जरा बॅटरी धरायला चला." संस्थेत सेक्रेटरी पेंगत होते. साफसफाई करतो म्हटल्यावर त्यांनी बसल्या जागेवरून मान हलवली. साडूभाऊंनी यंत्राचं झाकण काढलं आणि मी आत उजेड धरला. झाकणाच्या आतल्या बाजूला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर त्यांचंच. 'अर्ध्या पॉइंटनं जास्त दाखवते,' असं वर होतं, आणि खाली, जिथं तारीख असायची तिथं, 'पाऊस पडल्यावर दुरुस्त करणे.'

मी चिठ्ठी दोनदा वाचली. "जास्त? म्हणजे खोटं बोलत होतं ते आपल्याच बाजूनं?"

"संस्थेच्या कपाटात जुन्या काचंच्या नळ्या होत्या, ॲसिड घालून फॅट काढायच्या. त्याच्यात धा खेपा तेच दूध लावून बगितलं," साडूभाऊ स्क्रू फिरवत हलक्या आवाजात म्हणाले. "खरा आकडा लावला असता तर दुसऱ्या दिवशी आख्ख्या गावाचं दूध माघारी आलं असतं. उपाशी म्हशींचं दूध हुतं, गुरुजी. त्यात फॅट कुठून येणार? समितीचं बरोबर हुतं."

"मग तसं सांगायचं नाही का लोकांना?"

"सांगितलं असतं तर सेक्रेटरीच्या बी कानावर गेलं असतं. मग यंत्र सुधारावंच लागलं असतं." त्यांनी स्क्रूवर लाखेचा ठिपका दिला. "मला जमलं न्हाई म्हनलं, की कुनी उघडत न्हाई."

यंत्र त्या दिवसापासून खरं बोलू लागलं आणि गावात कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण म्हशींच्या पोटात हिरवा चारा होता. मी गावाला सगळं सांगायला निघालो होतो, पण साडूभाऊंनी मला गळ्याची शपथ घातली. त्यामुळं गावाच्या लेखी त्यांना ते यंत्र आजही जमलेलं नाही. आता ती संस्था बंद पडली, यंत्र गेलं, चेअरमनही गेले, म्हणून हे लिहितो आहे.

हल्ली साडूभाऊंचा हात कापतो. तारेला कथलाचा डाग द्यायला गेलं की डाग शेजारी पडतो. रोज सकाळी ते मीटरांवरची धूळ तेवढी पुसतात. परवा मी गेलो होतो तेव्हा देवघरासमोर टेकलो आणि पाहिलं, तर डबीखाली ती चिठ्ठी घडी घालून ठेवलेली. यंत्र सुधारल्यावर न फाडलेली ही त्यांची एकच चिठ्ठी. शाई उडाली आहे, पण वरच्या घडीवर 'पाऊस' तेवढं वाचता येतं. आणि तिच्यावर, डबीच्या अगदी पायाशी, हळदीकुंकवाची ताजी बोटं उमटलेली. म्हणजे अक्काला कळलं होतं. कधी कळलं ते मी विचारलं नाही.

"साडूभाऊ," मी हळूच म्हणालो, "डबीजवळ कुंकू लागलंय. फरक पडेल."

त्यांनी चष्मा वर करून देवघराकडं पाहिलं, मग चुलीपाशी बसलेल्या अक्काकडं पाहिलं.

"पडू द्या," ते म्हणाले.