कोपऱ्यातली वाळू

इथे सौदीत, यान्बूला, आमच्या प्लांटच्या गेटवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला, तर सुनंदावहिनींचे तीन मिस्ड कॉल. वहिनी आणि त्यांचा नवरा, माझा मित्र शशी, सुट्टीवर कोल्हापूरला गेलेले. वहिनी मला कधी फोन करत नाहीत. करायचाच झाला तर माझ्या बायकोला करतात. म्हणजे उलट फोन लावण्याआधीच मला कळलं होतं. तरीही मी हेल्मेट काढलं, हात धुतले, पाणी प्यायलो आणि मगच फोन लावला. तेवढी पाच मिनिटं मला हवी होती. "सकाळी चहा झाला, पेपर वाचत बसले होते," वहिनी म्हणाल्या. "मान खाली गेली. मला वाटलं, डुलकी लागली..." मग त्यांनी एक निरोप दिला. "काल जेवताना म्हणत होते, यंदा नवी पोरं सात आलीत. वही यान्बूलाच राहिलीय, पुणेकराला सांगायला पाहिजे."

पुणेकर म्हणजे मी. चौदा वर्षांत शशिकांत मानेने मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. आमची ओळख इथल्या एका रांगेत झाली. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा करायला तेव्हा अर्धा दिवस उभं राहावं लागे. माझ्या पुढचा माणूस फोनवर ओरडत होता, "अगं, विमानतळावर त्यांनी कुकर उघडून बघितला, त्यात मी काय करणार?" मला हसू आवरेना. तो वळला, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पुण्याचा दिसतोयस. दुसऱ्याचं ऐकून हसतोयस आणि वर तोंड फिरवतोयस." त्या रांगेत आमचं जे भांडण सुरू झालं, ते चौदा वर्षं पुरलं. मी क्रिकेटवाला. बावीस माणसं दीड तास पळतात आणि शेवटी शून्य-शून्य, हे मला कधीच झेपलं नाही. "आणि तुमच्यात पाच दिवस उन्हात उभं राहून निकाल लागत न्हाई, त्याचं काय?" तो विचारायचा. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला तो कधी थांबला नाही.

पोटासाठी शशी यान्बूतल्या एका छोट्या तांत्रिक कॉलेजात लॅब शिकवायचा. जीव मात्र कॉलेजच्या फुटबॉल संघात. कोल्हापुरात तालमीच्या संघातून खेळलेला गडी. तीन वर्षं राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसलेला, आणि त्या तीन वर्षांचा त्याला खेळलेल्या वर्षांपेक्षा जास्त अभिमान. इथली पोरं शिक्षकाला 'उस्ताज' म्हणतात. त्याला त्यात तालमीतले वस्ताद ऐकू यायचे आणि स्वारी मनातून खूश व्हायची. कॉलेज एवढंसं, कोर्स तीन वर्षांचा. पोरगं जरा तयार होतंय तोवर नोकरीला लागून निघून जातं. त्यामुळे दर ऑगस्टला शशीपुढे तेच दोन प्रश्न. नवी कोण आलीत? आणि यंदा आपलं काय होणार? किनाऱ्यावरच्या उम्लुज, राबिघ या गावांची, इथेच जन्मलेली सुदानी, अशी सहा-सात नवी पोरं यायची. कुणी गल्लीत खेळलेला, कुणी फक्त टीव्हीवर बघितलेला. मोठी कॉलेजं चांगली पोरं आधीच उचलायची, आमच्याकडे उरलेली. "उरलेली न्हाईत, राहिलेली," शशी दुरुस्त करायचा. हा फरक मला बरीच वर्षं कळला नाही.

या नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी चेंडू दाखवायचाच नाही. झाडू द्यायचा. उन्हाळाभर वारा इथे वाळू आणून टाकतो, आणि कॉलेज बंद असलं की मैदानाच्या कृत्रिम गवतावर तिचा थर बसतो. झाडायला माणसं होती. शशी त्यांना त्या संध्याकाळपुरती सुट्टी मागून घ्यायचा. पहिल्या वर्षी एका पोराने सरळ सांगितलं, "उस्ताज, हे कामगारांचं काम आहे." शशीने स्वतः झाडू घेऊन गोलपोस्टपासून सुरुवात केली. इथल्या पोरांचं एक बघून ठेवा: मोठ्या माणसाला काम करताना बघत उभं राहणं त्यांना जमत नाही, लाज वाटते. दोन मिनिटांत तीन जणांनी त्याच्या हातातून झाडू ओढून घ्यायला झटापट केली. शशीने तो सोडला आणि खुर्ची टाकून बसला. मग बघत राहिला. कोण दुसऱ्याच्या पट्ट्यात राहिलेली वाळू न बोलता ओढून घेतो, कोण एका हाताने झाडतो आणि दुसऱ्या हातात फोन धरतो. आणि मुख्य म्हणजे कॉर्नरचा झेंडा. तिथे कुंपणाच्या कोनात वाळू साठते, उभ्याने निघत नाही, वाकावं लागतं. "पाय कुणाचाबी तयार करता येतो," तो म्हणायचा. "वाकणं शिकवता येत न्हाई. ते बघून घ्यायला लागतं."

हे बघून तो वहीत प्रत्येक नव्या पोराबद्दल एक ओळ लिहायचा. फक्त एक. त्याखाली दोन ओळी रिकाम्या सोडून पुढचं नाव. कागद वाया घालवतोस म्हणून मी त्याला बोलायचो. हंगामाआधी कॉलेजच्या पत्रकात संघाचं एक पान असे: मागच्या वर्षी काय झालं, कोण गेलं, नवे कोण (म्हणजे वहीतल्या त्याच ओळी) आणि यंदाचा अंदाज. ते पान शशी मराठीत लिहायचा आणि मी इंग्रजी करून द्यायचो. लॅबमध्ये दिवसभर इंग्रजी फाडणारा माणूस. पण म्हणायचा, "फुटबॉल मला मराठीतच दिसतो. तू कर."

आता मला माझी चूक सांगायला हवी. ती गाळून शशीबद्दल लिहिणं म्हणजे पुन्हा तीच चूक केल्यासारखं होईल. नऊ वर्षांपूर्वी फैसल नावाचा पोरगा राबिघहून आला. उंच, वाऱ्यासारखा पळणारा, थोडा ऐटबाज. त्याच्याबद्दल शशीची ओळ होती: "फैसल. कोपऱ्यात वाळू ठेवतो. यंदा बसेल." बसेल म्हणजे बाकावर. मला वाटलं, हे कसं छापायचं? आई-वडील वाचतील, पोरगं खट्टू होईल. दुसऱ्याच्या लिखाणात सुधारणा करणं हा आमच्या शहराचा जुना आजार आहे आणि मला तो लहानपणीच जडलेला. मी इंग्रजीत लिहून टाकलं की हा वेगवान फॉरवर्ड आहे आणि पहिल्या सामन्यापासून त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत. शशीला विचारलं नाही. छापलेलं पान त्याने कधी वाचलं नव्हतं. माझ्यावर भरवसा होता.

पहिल्या सामन्याला फैसलचे वडील राबिघहून दोन गाड्या भरून माणसं घेऊन आले. काका, चुलतभाऊ, कॉफीचा थर्मास, खजुराचा डबा. फैसल बाकावर. मध्यंतराला वडील घडी केलेला कागद घेऊन शशीपाशी आले. शशीने तो उलगडून वाचला. एकदाच माझ्याकडे बघितलं... त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग तो वडिलांना म्हणाला, "चूक माझी आहे. मी घाईने लिहिलं. मुलगा चांगला आहे, अजून तयार नाही." वडिलांनी हात मिळवला, पण सामना संपायची वाट बघितली नाही. फैसल शेवटपर्यंत डोक्यावर टॉवेल घेऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याने संघाचे कपडे परत केले.

शशी संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला. हातात दोन झाडू.

"चल."

"अरे, माफी मागायला येतो. झाडू कशाला?"

"पोरगं खेळ सोडून चाललंय, पुणेकर. माझ्या ओळीनं न्हाई, तुझ्या. माफी तोंडानं मागशील, ते तुला सोपं हाय."

मैदानात फैसल आला होता, शशीने बोलावलं म्हणून. मी जे काय सांगायचं ते सांगितलं. तो दुसरीकडेच बघत होता. "खलास, मुहन्दिस," म्हणाला. मुहन्दिस म्हणजे इंजिनियर; विषय संपला म्हणाला. मला पुढे काय करावं सुचेना, म्हणून मी कोपऱ्यात जाऊन झाडायला लागलो. माझं झाडणं म्हणजे वाळू इकडची तिकडे. दोन मिनिटं त्याने सोसलं. मग आला, माझ्या हातातून झाडू ओढला आणि, मला अजून दिसतं, कमरेत वाकला. शशी दूर खुर्चीत बसला होता. तो बूट बांधायच्या निमित्ताने खाली बघत राहिला.

महिनाभर मी रोज मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर गेलो. फैसल एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. माझी पाठ धरली, बायकोने मलमाच्या ट्यूबा संपवल्या आणि शशीला शिव्या घातल्या. फैसल त्या वर्षी बाकावरच बसला. तिसऱ्या वर्षी तो कप्तान होता. आता तो इथेच एका प्लांटवर आहे आणि तीन वर्षांपासून संध्याकाळी शशीच्या हाताखाली संघ बघत होता. शशी गेल्याचं त्याला मीच फोन करून सांगितलं. त्यांच्यात म्हणतात ती प्रार्थना तो पुटपुटला. मी रडलो, म्हणून मग तोही रडला.

गेल्या आठवड्यात तो घरी आला. सात जण दाखल झालेत, म्हणाला. गोलकीपर गेला, मधली फळी सगळी नवी, मागच्या वर्षी खालून दुसरे होतो. "ओळी कोण लिहिणार, मुहन्दिस?"

"तू लिही. तू कोच."

"मला मराठी येत नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. त्याच्या लेखी ओळ मराठीतच लिहायची असते.

"फैसल, मी एकदा लिहून बघितलंय. त्याचं काय झालं, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"म्हणूनच," तो म्हणाला आणि कॉलेजच्या सामानाच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

त्या खोलीत शशीची घडीची खुर्ची होती, शिट्टी होती, आणि झाडू. घामाने हात सटकतो म्हणून त्याने दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. खालच्या फळीवर वह्या. यंदाच्या वहीत सात नावं लिहून ठेवलेली, पुढे काही नाही. ओळ कशी लिहायची ते शिकावं म्हणून मी जुन्या वह्या काढल्या. फैसलचं वर्ष सापडलं. "कोपऱ्यात वाळू ठेवतो. यंदा बसेल." आणि त्याखाली, ज्या दोन ओळी रिकाम्या सोडण्यावरून मी त्याला बोलायचो, तिथे वेगळ्या शाईत लिहिलं होतं: "वाकायला लागला. शिकवता येतं म्हणायचं." पान भरलं होतं. पण खाली समासात, त्या वर्षीच्या नव्या पोरांच्या यादीच्या शेवटी, आणखी एक नाव घातलेलं.

"पुणेकर. उशिरा आला. खेळ शून्य. कोपरे झाडतो."

नऊ वर्षं हे तिथे होतं आणि पठ्ठ्याने मला कधी सांगितलं नाही. त्या महिन्यानंतर त्याने माझ्याशी कधी तो विषय काढला नाही, म्हणून मला वाटायचं, त्याने मला माफ केलं की नाही कोण जाणे. खुर्ची उघडून मी तिथेच बसलो. इतकं माझं कौतुक आयुष्यात कुणी केलेलं नाही, शशी.

काल सात पोरांनी मैदान झाडलं. मी खुर्चीत बसून बघितलं, फैसल माझ्या बाजूला उभा. सहा ओळी लिहून झाल्या. सातवा उम्लुजचा, भित्रा, चेहऱ्याने गोड पोरगा. सकाळीच त्याची आई मुलाला सांभाळा म्हणून फैसलशी फोनवर बोललेली. त्याने पट्टा सरळ झाडला, कॉर्नरपाशी आला, इकडेतिकडे बघितलं आणि परत फिरला. माझ्या मनात लगेच दोन-तीन बरी वाक्यं तयार झाली. ती आवरली. "कोपऱ्यात वाळू ठेवतो," मी लिहिलं. "यंदा बसेल." इंग्रजी करतानाही तेच ठेवलं आहे.

मग ट्यूब गुंडाळलेला तो झाडू घेतला आणि त्या कोपऱ्यात जाऊन वाकलो. पाठ अजूनही धरते. अर्ध्या मिनिटात मागून पावलं आली. बघायची गरज नव्हती. पोराने दांड्याला हात घातला, ओढला, आणि मी सोडला.

वहीत त्याच्या नावाखाली दोन ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत.