इंगळे सरांची डावी बाजू

"काय दिसते?" हा प्रश्न इंगळे सर जन्मभर विचारत राहिले. मेहकरला आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, पण पुस्तक उघडायच्या आधी एखाद्या पोराला खिडकीशी उभं करायचे. "सांग बे, काय दिसते?" पोरगं म्हणायचं, झाड. मग सुरू! कशाचं झाड, सावली कोणीकडे पडली, पाखरं कोणत्या फांदीवर बसली, पानं कोणत्या बाजूनं वाळली. जो गप्प बसेल त्याला म्हणायचे, "डोये काय भाड्यानं देल्ले का बे?" मी त्यांच्या विषयात सपशेल नापास झालेला विद्यार्थी. तरी माझ्यावर त्यांचा जीव होता, का ते त्यांनाच ठाऊक. पुढे मी त्यांच्याच गल्लीत घर बांधलं, बसस्टँडजवळ बी-बियाण्याचं दुकान टाकलं, आणि अधूनमधून त्यांच्याकडे जेवायला बसणं ठरूनच गेलं.

सर आता नाहीत. मागच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. गावात त्यांचं नाव निघालं की लोक त्यांच्या गाडीचंच बोलतात आणि हसतात. मला हसू येत नाही, कारण त्या गाडीत मी बसलेलो होतो.

माणूस किती चिकट, ते आधी सांगतो. चपलेचा अंगठा तुटला तर शिवून घ्यायचे, तो शिवलेला तुटला की परत शिवून घ्यायचे. शेवटी त्या चपलेत मूळची चप्पल किती राहिली होती, हा प्रश्नच होता. स्टाफरूममध्ये पंखा चालू दिसला की आधी बंद करायचे, मग विचारायचे की कोणाला गरम होतंय का. नखाएवढा खडू दोन बोटांत धरून फळ्यावर आख्खा आशिया काढायचे. नवीन खडू मागितला की म्हणायचे, "खडू नाई संपला बे, तुहा धीर संपला." देऊळघाटहून आलेला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस. चहा पाजला तर बशीत ओतून अर्धा तुम्हाला द्यायचा, आणि तो अर्धाही मनापासून द्यायचा.

अशा माणसानं निवृत्तीनंतर स्पोर्ट्स कार घेतली. आता बोला!

जुनीच होती, नागपूरच्या कुणाकडून घेतलेली, पण होती खरीखुरी. हळदीसारखी पिवळी, दोनच सीटची, पोट जमिनीला टेकवून चालणारी. आमच्या गल्लीत ती शिरली तेव्हा मी दाढी करत होतो, तसाच अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर आलो. सगळी गल्ली तोंडात बोटं घालून उभी. काकू, म्हणजे सरांच्या बायको, पदर सावरत आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "आवो, याच्यात बसाचं का झोपाचं?" आम्ही हसून हसून बेजार. सर मात्र हसले नाहीत. मी म्हटलं, "सर, कायले हे? डोकं ठिकाणावर हाये ना?" तर म्हणाले, "संत्या, जन्मभर पोराइले दुनिया नकाशात दाखवली. आता मले ते लवकर लवकर पाहून घ्या लागते." मला वाटलं, म्हातारपणीचं खूळ. चार दिवसांत उतरेल.

उतरलं कसलं! रोज सकाळी काकूंना शेजारी बसवून फेरी. आणि वर त्यांना एका क्लबात घेतलं. विदर्भातल्या स्पोर्ट्स कारवाल्यांचा क्लब, वर्षातून एकदा कुठेतरी सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमतात. त्या वर्षी लोणार ठरलं. एवढ्या जवळ जत्रा भरणार म्हटल्यावर सर शाळेतल्या सहलीच्या पोरासारखे हरखले. आदल्या दिवशी काकू माझ्या दुकानात आल्या. "संतोष, उद्या तू जाय त्यायच्या संगं. मले जमत नाई." रविवार होता, दुकान बंद. मी म्हटलं, जातो की! आयुष्यात असल्या गाडीत बसायला कधी मिळणार?

डिसेंबरची सकाळ, ऊन कोवळं. मेहकर मागे पडलं तसे सर रंगात आले. आणि त्यांचा जुना प्रश्न सुरू झाला. "सांग संत्या, डावीकडं काय दिसते?"

"तूर हाये सर. शेंगा भरल्या."

"आन तिच्या पुढं?"

"हरभरा. घाटे धरले त्यानं."

"अन् कडेले?"

"बाभळी हायत सर."

खरं सांगू? मला भरून आलं. नापास झालेल्या पोराला इतक्या वर्षांनी पुन्हा खिडकीशी उभं केलं होतं, आणि या वेळी मला सगळं येत होतं. पीक तर माझ्या धंद्याचं. मी सुटलोच. कुठं पाणी कमी पडलं, कुठं दाट पेरलं, सगळं सांगत सुटलो. एका शेतात तूर उभीच्या उभी वाळलेली दिसली. मी मान वळवून तिकडेच पाहत म्हणालो, "सर, मर रोग आला पहा इथं, बी बदललं पाह्यजे होतं यायनं..." आणि मान पुढे केली तर गाडीसमोर, हातभर अंतरावर, एक बाई आणि तिच्या बकऱ्या.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. सरांनी करकचून ब्रेक दाबला, गाडी तिरपी होऊन थांबली, आणि एक बकरी पुढचे दोन पाय बॉनेटवर ठेवून काचेतून आमच्याकडे बघत उभी राहिली. बाई डावीकडून कडेकडेनं चांगली चालत येत होती. लपलेली नव्हती, धावत आलेली नव्हती. लाल लुगडं नेसलेली, लांबून दिसेल अशी.

"डोये फुटले का रे मुडद्या!" ती बाई थरथरत किंचाळली.

सरांनी काच खाली केली. "हाव माय," ते म्हणाले, "फुटलेच."

त्यांचा आवाज असा होता की ती बाई शिव्या द्यायची थांबली. बकऱ्या गोळा करून वळून वळून बघत गेली. मी सरांकडे पाहिलं. ते समोर बघत होते. "काचबिंदू हाये संत्या," ते म्हणाले. "डावा डोया गेला. उजव्यात समोरचं तेवढं दिसते, पाइपातून पाह्यल्यासारखं. तेही जाईन म्हणते डॉक्टर. गाडी चालवाची नाई म्हणून सांगतलं त्यानं."

म्हणजे इतका वेळ मी पीकपाणी सांगत होतो, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांनी गाडी हाकत होता! मला विचारलं होतं डावीकडे काय आहे, आणि मी तुरीचा रोग सांगितला, बाई सांगितलीच नाही. मला जो राग आला तो राग मी आयुष्यात कुणावर काढला नाही, आणि काढला तो माझ्या गुरूवर. "उतरा," मी म्हणालो. "उतरा खाली! लाज नाई वाटत तुमाले? ते बाई मेली असती! मी मेलो असतो!" सर मुकाट्यानं उतरले. मी स्टिअरिंग घेतलं आणि बैलगाडीच्या चालीनं ती पिवळी गाडी लोणारला आणली. वाटेत ते एवढंच बोलले, "संध्याकाळपर्यंत कोणाले सांगू नको बापा. आजचाच दिवस." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

लोणारला एका मंगल कार्यालयाच्या मैदानात गाड्याच गाड्या. लाल, हिरव्या, निळ्या, सगळ्यांची तोंडं चेपलेली. अर्धं लोणार कुंपणाबाहेर फोन काढून उभं. एका गाडीचं पोट नालीवर अडकलेलं, ती चार जण उचलून काढत होते. सगळे मालक सारख्याच टोप्या घातलेले, नागपूर-अमरावतीचे पैसेवाले लोक. मला वाटलं होतं, आमच्या शिवलेल्या चपलेवाल्या मास्तरला ते हसतील. तर उलटंच! "सर आले, सर आले" म्हणून गराडा पडला. सर हसतायत, टाळ्या देतायत, कुणाच्या तरी गाण्यावर मान डोलावतायत. हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. सकाळी एका बाईला मारता मारता राहिला आणि आता मजेत लाडू खातोय, हे पाहून माझं डोकं भणभणलं.

दुपारी क्लबचे अध्यक्ष, एक गोरेपान गृहस्थ, माइकवर आले. आता सगळ्या गाड्या रांगेनं सरोवराच्या कडेच्या रस्त्यानं जाणार होत्या. पहिली गाडी मानाची. "यंदाचा मान याच जिल्ह्याच्या इंगळे सरांचा!" टाळ्यांचा कडकडाट. सरांनी हात जोडले, चालत गाडीपाशी आले आणि चालवायच्या बाजूला बसले. बसले हो! किल्ली मागायला माझ्यापुढे हात केला.

मी किल्ली दिली. का दिली? कारण इतक्या लोकांपुढे सरांचा हात रिकामा परत पाठवायची माझी हिंमत झाली नाही. पण मीही डाव्या सीटवर बसलो, आणि मनाशी ठरवलं की गाडी वीतभर जरी हलली तरी किल्ली ओढून घ्यायची. फाटकाबाहेर रस्त्याच्या डाव्या कडेला शाळेची पोरं उभी केली होती, हातात कागदी झेंडे. इंजिन सुरू झालं. मागच्या गाड्याही गुरगुरायला लागल्या.

"संत्या," सर हळूच म्हणाले, "डावीकडं काय दिसते?"

माझा हात किल्लीपाशी गेला.

"सांग ना बे. काय दिसते?"

"पोट्टे हायत सर," मी म्हणालो. "तुमच्या-माझ्या शाळेतल्यासारखे. रस्त्याले चिकटून उभे हायत. आन इकडं मी हाये."

सरांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मागून हॉर्न वाजला, दुसरा वाजला. मग त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि माइकपाशी गेले.

"सगळ्याइले नमस्कार, जय भीम," ते म्हणाले. "मी आंधया होऊन राह्यलो. गाडी चालवाची मले मनाई हाये, तरी मी चालवली. आज सकाळी एक बाई माह्या गाडीखाली मेली असती. तिचं नावही मले माहीत नाई. मले हे मान देऊ नका. मले क्लबातून काढून टाका."

एकेक इंजिन बंद होत गेलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी रडलं नाही, सगळे नुसते दचकून उभे. अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक. ते सरांच्या शेजारी येऊन म्हणाले, "सर, काढून कुणाला टाकत नाही. गाडी तुमची पहिलीच राहील. पण चालवणारा दुसरा द्या."

सरांनी माझ्याकडे हात केला. "हा चालवते. भूगोलात नापास झालता, पण डोये शाबूत हायत." तेव्हा मात्र लोक हसले, आणि मी लोणारच्या पोरांच्या झेंड्यांमधून, घाम पुसत पुसत, ती मानाची गाडी नेली.

संध्याकाळी परत आलो. काकू ओट्यावर उभ्या होत्या. मी चालवायच्या बाजूनं उतरलेला पाहून त्या पुढे आल्या. सर पाय धुवायला मागे गेले. काकूंनी मला दबक्या आवाजात विचारलं, "सांगतलं का त्यायनं?"

"काकू! तुमाले माहीत होतं?"

"मले नाई तं कोणाले? रोज डाव्या अंगाले मीच बसतो ना."

"अन् मले धाडलं? काकू, मी मेलो असतो! घरी लेकरं हायत माह्या!"

"म्हणूनच धाडलं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "किती सांगतलं, किती भांडलो. आयकलं नाई. माह्या जिवाची त्यायले सवय झालती बाबू. मी बाजूले असलो तं त्यायले भेव वाटे नाई. दुसऱ्याचं लेकरू बाजूले असल्यावर त्यायचा हात चालणार नाई, हे मले माहीत होतं. राग आला असन तं उद्यापासून येऊ नको. पण आज जेवून जाय."

राग आला होता. आजही येतो. कुणाचा जीव असा पणाला लावतात का? पण वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता, आणि सर आतून हाक मारत होते. बसलो. काय करता!

काकूंनी ताटं वाढली. आपल्याकडे चटणी-कोशिंबीर ताटात डावीकडे वाढतात. माझ्या ताटात ती डावीकडेच होती. सरांच्या ताटात काकूंनी चटणी, लोणचं, मीठ, लिंबाची फोड, सगळं उजव्या अंगाला, भाजीला खेटून वाढलं होतं. सर सहज हात नेऊन चटणी घेत होते. या घरात मी कित्येकदा जेवलो होतो आणि सरांचं ताट दर वेळी असंच वाढलेलं पाहिलं होतं. मला वाटायचं, काकू घाईत असतात.