भित्र्या वस्तादाची मोटार

वस्तादानं बांधलेला दोर मी सोडला आणि माझ्या पद्धतीनं पुन्हा बांधला. आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला, काही तर हौसेनं केला. पण पहिला मान याचाच. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. पंधराव्या वर्षी अक्कल येत नाही, ती आल्याची खात्री तेवढी येते.

वस्ताद म्हणजे माझ्या वडिलांच्या, बाबूजींच्या, मोटारीचा ड्रायव्हर. सहा फूट उंच, मिशा अशा की पाहूनच पोरांनी रडणं थांबवावं, आणि माणूस भित्रा. ते तो लपवतही नसे. समोर गाय दिसली की मोटार थांबे, बकरी दिसली की थांबे. रस्त्यात ताजं शेण दिसलं तरी ‘जनावर इथंच कुठं असन’ म्हणून थांबे. मागून बैलगाडीवाले ओरडत, ‘वस्ताद, जोडी देऊ का ओढाले?’ मी त्याची हुबेहूब नक्कल करत असे. एकदा तोंडावरच विचारलं, “इतकं काऊन भेता हो?”

“मोटारले भेव नसते बाई,” तो म्हणाला. “म्हून तिच्या वाटनीचं भेव मलेच ठेवा लागते.”

त्या वैशाखात बाबूजींनी गोंदियात दोन नव्या सायकली घेतल्या. आमचा विडीच्या तेंदूपानांचा धंदा. सडक अर्जुनीकडच्या जंगलात पानं गोळा होत आणि त्यांचा हिशेब ठेवणारे आमचे मुनशी पायी फिरून फिरून थकत. सायकली त्यांना पोचवायच्या होत्या, आणि मला त्याच वाटेनं मावशीकडे आंबे खायला जायचं होतं. मी सुचवलं, टपावर टाका. “कापडाचा टप हाये बाई. सायकल येऊन मांडीवर बसन.” मग बाजूच्या पायदानावर बांधा. “आन दरवाजा कोन उघडन? आग लागली तं निंघाल कुठून?” आगीची कल्पना त्यानं इतक्या शांतपणे मांडली की मी पायदानाचा नाद सोडला.

शेवटी मोटारीच्या मागच्या लोखंडी चौकटीवर बांधायचं ठरलं. त्यानं पुढची चाकं काढली, पायडल काढून पोत्यात घातले, हँडलं वळवली. मग दोन्ही हात पसरून ओझ्याची रुंदी घेतली आणि हात तसेच ताठ धरून मडगार्डापाशी नेले. वीतभर सायकल बाहेर येत होती. सगळं सोडून त्यानं पुन्हा बांधलं. “मोटारीच्या भायेर काई जाऊ नोको. तिथून दुसऱ्याचा रस्ता सुरू होते.”

सायकलींनी मागचा नंबर आणि लाल दिवा झाकला. तेव्हा एका फळीवर चुन्यानं नंबर लिहून, तिलाच दिवा अडकवून ती फळी त्यानं सगळ्यांच्या मागे टांगली. “नंबर दिसला नाई का पोलीस म्हनते, चोराची गाडी. माहं लायसन गेलं तं मी कोन? नुसता मिशावाला मानूस.”

सकाळी निघालो. दर कोसाला वस्ताद उतरे, सायकलींना खांद्यानं धक्का देऊन पाही आणि परत चढे. दुपारपर्यंत निम्मी वाटही संपली नव्हती. एका विहिरीपाशी तो मोटारीसाठी पाणी आणायला गेला, तेव्हा माझा धीर सुटला. दोर पक्का केला तर हा थांबणारच नाही, असा माझा हिशेब. आत्याकडे खाट विणताना दोर भिजवून ओढतात, ते मी पाहिलं होतं. मी दोर सोडला, सुरईतल्या पाण्यानं भिजवला आणि चौकटीला पाय लावून असा आवळला की हाताला फोड आले.

वस्तादानं येऊन खांदा लावला. सायकली दगडासारख्या. “आता तं हालूनच नाई राहिल्या,” तो खूश झाला.

“मग आता थांबू नका,” मी म्हटलं. आणि त्यानं माझं ऐकलं.

ओला दोर आखडतो आणि वाळला की सैल पडतो. म्हणून खाट विणणाऱ्या बाया दोर वाळल्यावर पुन्हा ओढून घेतात. मी अर्धंच पाहून उठले होते. वैशाखाच्या झळांनी दोर तासाभरात वाळला असेल. खाडकन आवाज झाला, पाठोपाठ एक किंकाळी, आणि वस्तादानं मोटार थांबवली. मी मागे पाहिलं. एक सायकल निसटून मोटारीबाहेर आडवी लोंबत होती, नव्या हँडलाचा पार आकडा झाला होता. तिच्यापलीकडे एक बाई पडली होती. तिच्या डोक्यावरचा पानांचा भारा रस्ताभर पसरला होता. ती उठत नव्हती.

वस्तादानं आपलं पागोटं फाडून तिचं कपाळ बांधलं. सायकली तिथंच रस्त्याकडेला टाकल्या. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि रक्त माझ्या लुगड्यातून मला गरम लागत होतं. मग वस्तादानं मोटार जी सोडली, ती सडक अर्जुनीच्या दवाखान्यापर्यंत. वाटेत गाय आली, तरी तो थांबला नाही, नुसता भोंगा दाबला. 

डॉक्टर आत होते. बाहेर पोलीस शिपाई आला. “दोर किसने बांधा था, उस्ताद?”

“मी,” वस्ताद म्हणाला.

मी हातावरचे फोड पदराखाली घेतले.  शिपायानं लायसन खिशात घातलं. वस्ताद त्या खिशाकडे बघत राहिला.

संध्याकाळी बाईनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारलं, माझा भारा कुठं आहे? दुसऱ्या दिवशी बाबूजी आले. म्हणाले, “भित्रा म्हणून याच्यासंगं पोरगी धाडली होती. आता हा नको.” दोन दिवस मी ताट तसंच परत सारलं. मावशीला वाटलं, आंबे बाधले. दार वाजलं की वाटे, शिपाई आला. वाजलं नाही की वाटे, वस्ताद गेला.

तिसऱ्या दिवशी बाबूजींना सगळं सांगितलं. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते मला ठाण्यावर घेऊन गेले, आणि दरोग्यापुढे मला तेच पुन्हा सांगायला लावलं. लायसन परत मिळालं. मोटार विकेपर्यंत वस्ताद आमच्याकडेच राहिला.

पण त्या दिवशी ठाण्यावरून आले ती मी जरा फुशारूनच. वस्ताद मावशीच्या अंगणात, रस्त्याकडेहून आणलेल्या सायकलीचं हँडल ठोकून सरळ करत होता. शाबासकी मिळणार, याबद्दल मला शंका नव्हती. “वस्ताद, मी खरं सांगून टाकलं.”

त्यानं हातोडी खाली ठेवली.

“बेस केलं बाई. पन ते बाई पडली, तवा तुमी पयले सायकलीकडं पाह्यलं. मी पाहून राहिलो होतो.”