डेलने मोजलेलं पाणी

"पूर आला तेव्हा पाणी किती होतं?" असं डेल कधीच कुणाला विचारत नसे. म्हाताऱ्या माणसासमोर खुर्ची ओढून बसायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा आणि विचारायचा, "तेव्हा कोंबड्या कुठे ठेवल्या होत्या?" मग समोरची आजी एकदम ताठ बसायची. "माळ्यावर न्यायला वेळ कुठे होता? स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडल्या. टेबलाची घाण केली मेल्यांनी, पण एकही बुडाली नाही!" डेल ते टेबल अजून घरात आहे का विचारायचा आणि असलं तर तिथल्या तिथे मोजायचा. परत येताना ट्रकमध्ये मला म्हणायचा, "सदाशिव, पाणी किती आलं ते कोणालाच धड आठवत नाही. घाबरलेल्या माणसाला ते फुगूनच दिसतं. पण काय वाचवलं, ते मरेपर्यंत आठवतं."

ही गोष्ट २००३ सालची. आयोवातल्या एका लहानशा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पूरनकाशा करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. मी इंजिनिअर. अमेरिकेत तीस वर्षं झालेली, निवृत्ती दिसू लागलेली. डेल काउंटीच्या नोकरीतला जुना मोजणीदार. आम्हाला नकाशावर एक रेषा ओढायची होती. रेषेच्या आत पुराचा धोका, म्हणजे घर बांधायला बंधनं आणि पुराचा सक्तीचा विमा. रेषेबाहेर मोकळीक. नदीच्या पातळीच्या लेखी नोंदी फार मागे जात नव्हत्या. त्याआधीचे पूर फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात होते, आणि तिथे शिरायची वाट डेलला ठाऊक होती.

आमच्या घरी तो आला की न सांगता दाराशी बूट काढायचा, त्यामुळे माझ्या बायकोला, शैलाला, तो पहिल्या दिवसापासून आवडला. ऑगस्टमध्ये मक्याची कणसं पोत्याने आणायचा. तिची आमटी वाडग्याने प्यायचा आणि म्हणायचा, "वाईट नाही." शैला आधी खट्टू झाली. मग त्याची बायको आर्लीन हिने सांगितलं, "माझ्याशी लग्न करायचं ठरलं तेव्हा त्याच्या आईला माझ्याबद्दल हेच सांगितलं होतं त्याने."

गावातल्या वृद्धाश्रमात मिसेस होल्म होत्या, नव्वदी ओलांडलेल्या. डेलने त्यांना विचारलं, "तुमच्या लहानपणीच्या पुरात तुम्हाला कुठे ठेवलं होतं?"

"चर्चच्या खिडकीत," त्या म्हणाल्या. "आम्हा मुलींना ओळीने बसवलं होतं. पाय सोडले की बुटांना पाणी लागायचं. आई ओरडत होती, बूट भिजवाल तर याद राखा! सगळं गाव बुडतंय आणि हिला बुटांची काळजी."

डेलने आपल्या सात वर्षांच्या नातीला त्याच खिडकीत बसवलं आणि तिच्या बुटाच्या तळापर्यंत उंची घेतली. आकडा पाहून मी हसायलाच लागलो. चर्च टेकडीवर आहे. तिथे खिडकीपर्यंत पाणी म्हणजे खालच्या कोर्टाच्या इमारतीचं छपरही बुडायला हवं. काउंटीच्या बैठकीत मी हे सांगितलं आणि वर म्हणालो, "मग बायबलमधली नोहाची नौका इथेच कुठेतरी लागली असणार. ती शोधायचं कामही डेलला देऊ या." सगळे हसले. डेलही हसला. अहवाल मंजुरीला गेला.

त्यानंतरचे तीन रविवार डेलने स्वतःचे घातले. चर्चच्या सभांच्या तळघरातल्या जुन्या वह्या वाचल्या, टेकडीखालचं सोयाबीनचं शेत पायांनी पिंजून काढलं आणि सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला.

"चर्च हललंय, सदाशिव. पाणी होतं तिथेच आहे."

पुरानंतर गावकऱ्यांनी ती अख्खी लाकडी इमारत ओंडक्यांवर घेऊन घोड्यांनी टेकडीवर ओढून नेली होती. जुन्या पायाचे दगड शेतात अजून होते. डेलने मिसेस होल्मना विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तू मला कुठे बसवलं होतं ते विचारलंस. खिडकी कुठे होती ते विचारलंस का? आणि चर्च उगाच हलवतात का लोक? पाणी आलं म्हणूनच हलवलं ना!"

जुन्या पायावरून हिशेब केला तर पाणी कोर्टाच्या छपराला लागत नव्हतं. पण माझ्या रेषेच्या चांगलं चार फूट वर जात होतं. नदीकाठी नवी वसाहत व्हायची होती, ती पूर्ण त्या पाण्यात येत होती.

मी म्हणालो, "बघतो."

पाहिलं नाही. अहवाल परत मागवायचा म्हणजे सगळं गणित पुन्हा करायचं आणि चुकलो म्हणून त्याच बैठकीत उभं राहायचं. चारचौघांत हसलेल्या माणसाला मागे फिरणं फार जड जातं. कागद मी खणात टाकला. नकाशा माझ्या रेषेसकट पक्का झाला, पाठोपाठ वसाहत उभी राहिली.

इतकंच करून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी त्याचा किस्सा केला. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला, पॉटलकच्या जेवणांना 'टेकडीवरच्या चर्चला पाणी लावणारा डेल' मी नकला करून सांगितला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो ऐकला आहे. दाद मिळेल तिथे थांबायचो. पुढचं सांगितलं नाही. एकदा गाडीत शैला म्हणाली, "अहो, पण तो नंतर प्रूफ घेऊन आला होता ना? ते का कट करता?" मी म्हणालो, "त्यात मजा नाही."

२००८ च्या जूनमध्ये पाणी आलं. पाऊस थांबेचना, नदी फुगत गेली आणि वसाहतीत शिरली. लोक वेळेवर बाहेर पडले म्हणून जीव वाचले. पाणी डेलने जुन्या पायावरून काढलेल्या खुणेच्या जेमतेम वीतभर खाली थांबलं.

शाळेच्या जिममध्ये सभा झाली. मी नुकताच निवृत्त झालो होतो, तरी नकाशा माझा म्हणून बोलावलं होतं. वसाहतीतल्या कॅरल नावाच्या शिक्षिकेने विचारलं, "असं पाणी पूर्वी आल्याची एकही खूण तुम्हाला मिळाली नव्हती?" तिच्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत चिखल होता.

मी म्हणालो, "एक मिळाली होती, चर्चची. पण ती टेकडीवर घेतलेली. चुकीची निघाली."

माना डेलकडे वळल्या. कोणीतरी हळूच हसलं. तो टोपी हातात घेऊन शेवटच्या रांगेत बसला होता.

बाहेर ट्रकजवळ मी त्याला गाठलं. "तू बोलला का नाहीस?"

"तुझं अर्धंच झालं होतं," तो म्हणाला. "उरलेलं सांगशील म्हणून थांबलो."

मला त्याच्याकडे पाहवेना. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"माझं जाऊ दे," तो म्हणाला. "पण हे लोक म्हणताहेत की असं पूर्वी कधी झालं नाही, म्हणजे आता पुन्हा होणार नाही. त्याच जागी भिंती उभ्या करणार आहेत. पूर्वी झालं होतं, हे तुला-मलाच माहीत आहे. आणि मी सांगितलं तर आता कोण ऐकणार? तूच सांगायला हवंस."

"सांगतो," मी म्हणालो. जून गेला, जुलै, ऑगस्ट. वसाहतीतून हातोड्यांचे आवाज येऊ लागले. ऑक्टोबरमध्ये डेल हृदयविकाराने गेला. अंगणातली पानं गोळा करता करता खाली बसला, तो उठलाच नाही.

अंत्यविधी टेकडीवरच्या त्याच चर्चमध्ये होता. पाद्री प्रेमाने बोलले. डेलच्या चांगुलपणाच्या चार गोष्टी सांगून म्हणाले, "आणि या आपल्या खिडकीपर्यंत नदी आणणारा माणूसही तोच!" लोक डोळे पुसत हसले. पहिल्या बाकावर आर्लीनही हसली. तिला खरं माहीत होतं, तरी हसली. मग पाद्रींनी विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचंय का?

शैलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त गुडघे बाजूला करून मला जायला वाट दिली.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ती खूण बरोबर होती. हे चर्च तेव्हा खालच्या शेतात होतं. डेलने ते शोधून काढलं आणि मला लिहून दिलं. मी तो कागद दाबला. जिममध्ये मी खोटं बोललो. हे पाणी पूर्वी आलेलं आहे, आणि पुन्हा येईल."

मधल्या रांगेतून कॅरलचा आवाज आला, "कधी लिहून दिलं होतं त्याने?"

"तुमच्या घराचा पाया खणायच्या आधी," मी म्हणालो.

तळघरात जेवण होतं. आमच्या टेबलावर कोणी बसलं नाही, आणि ते बरोबरच होतं. थोड्या वेळाने आर्लीन हॅम सँडविचची ताटली घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. हॅम आम्ही खात नाही हे तिला आठवलं, तेव्हा उठून बटाट्याचं सॅलड घेऊन आली.

निघताना कॅरल दारात उभी होती. "ते दगड मला दाखवा," म्हणाली.

सोयाबीन काढून झालं होतं, शेत मोकळं होतं. दगड सापडायला वेळ लागला नाही. डेलने प्रत्येकाशेजारी लाकडी खुंटी ठोकून ठेवली होती. कॅरल दोन दगडांच्या मधे उभी राहिली. तिथून तिचं घर सरळ समोर दिसत होतं, आणि आम्ही उभे होतो त्या जमिनीपेक्षाही खाली होतं. नव्या खिडक्यांवरचे स्टिकर अजून काढले नव्हते. शिव्या देईल असं मला वाटलं, आणि ऐकून घ्यायची तयारीही होती.

तिने पर्समधून फोन काढला. "कॉन्ट्रॅक्टर सोमवारी आतल्या भिंती घालणार होता," ती म्हणाली. "थांबवते त्याला."