खंडेनवमीची फेरी

सातवीत शाळा सुटली, आणि नांदेडकडचा मी इचलकरंजीत येऊन मागावर लागलो. सुताच्या धुरळ्यानं खोकला जडला तेव्हा मालकांच्या पायलटनं मला आपल्याकडं मागून घेतलं. मालकांनी हौसेनं चार माणसांचं छोटं विमान घेतलं होतं. कोल्हापूरच्या विमानतळावर पत्र्याच्या शेडमध्ये ते असायचं. ते धुवायचं, पुसायचं, बाहेर ढकलायचं, हे माझं काम. शेजारच्या गावात मालकांनी खोली दिली, म्हणून बायको आणि तान्ही पोर आणता आली. नोकरी गेली की खोली गेली, आणि परत मुलुखाला जाऊन खायचं काय? ही धाकधूक जेवतानासुद्धा असायची.

त्या वर्षी खंडेनवमीला मालकांनी मागांची पूजा उरकली आणि सगळा गोतावळा घेऊन विमानाच्या पूजेला आले. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. नारळ मी आणला होता. मालकांनी फोडला तर नासका निघाला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. भटजीच हसून म्हणाले, "चांगलंच की! देवाला पोचला."

"चला सायेब, आता एक फेरी," मालक म्हणाले.

परतीच्या पावसाचं आभाळ भरून आलं होतं. वारं मधूनच थांबायचं आणि मधूनच अंगावर यायचं. पायलटसाहेब पुण्याकडचे, मोजकं बोलणारे. "वारा आडवा आहे, झटके येताहेत. तासभर थांबू."

"गाडी पुजून जाग्यावर कोण ठेवतंय व्हय? पावणं काय म्हणतील?"

"पाहुण्यांना चहा पाजा तोवर."

"भ्यालासा काय?" मागून मालकांचे मेहुणे म्हणाले, आणि बायकामाणसंसुद्धा हसली.

साहेबांनी हाराकडं बघितलं, तो काढायला लावला आणि एकटेच आत बसले. कुणालाही बरोबर घेतलं नाही.

विमान पळालं. चाकं जमिनीवरून सुटली न सुटली तोच झटका आला. त्याच झटक्यानं मालकांचा फेटा उडून गवतात गेला. विमानाचा डावा पंख वर गेला, उजवा जमिनीला घासला. गर्रकन फिरून ते धावपट्टीबाहेर गेलं आणि नाकावर चरात पडलं. आम्ही साहेबांना ओढून काढलं तेव्हा त्यांचा गुडघा बघवत नव्हता.

रुग्णवाहिका गेली आणि मेहुणे म्हणाले, "नारळ कुणी आणलाता?"

"ह्या नांदेडवाल्यानं," गोतावळ्यातलं कुणीतरी म्हणालं.

"तरी म्हटलं! अपशकुनी न्हाय तर काय."

मी भटजींकडं बघितलं. भटजी पिशवी भरत होते. फेटा आणायला गवतात मीच गेलो होतो. वाऱ्याचं मात्र कुणी नाव काढेना.

दोन दिवसांनी मालक दवाखान्यात गेले, मला बरोबर घेऊन. सफरचंदं ठेवली आणि म्हणाले, "ह्याला काढून टाकतोय. नारळ बघून आणाय येत न्हाय, विमान काय सांभाळणार?"

साहेबांचा पाय टांगलेला. "नारळानं विमान पडत नाही. वारा होता. मी थांबा म्हणत होतो, तुम्ही ऐकलं नाही. पण उडवलं मी. चूक माझी. याला काढू नका."

एवढ्या बोलण्यातलं मालकांनी 'चूक माझी' तेवढंच उचललं. सगळ्यांना तेच सांगितलं, विमा कंपनीच्या माणसालासुद्धा. साहेबांची नोकरी गेली. माझी राहिली. त्या रात्री बायको म्हणाली, "वाचलो बाई." मीही व्हय म्हणालो. मग ताट तसंच बाजूला सारलं.

साहेब कुबडीवर पुण्याला निघाले तेव्हा स्टँडवर मीच होतो, मालकांकडचं दुसरं कुणी नाही. एसटीत बसवताना त्यांनी विचारलं, "खोली राहिली ना?"

"राहिली साहेब."

"मग झालं. पोरीला शिकव."

मला पाया पडायचं होतं. तो प्लास्टरमधला पाय बघून हात पुढं झाला नाही. गाडी हलली आणि मी घाईनं शेडकडं निघालो. मालकांचे पाहुणे शेडमध्ये आणून ठेवलेलं मोडकं विमान बघायला येणार होते, आणि दार उघडायला मीच लागत होतो.