एका खांद्यावरचा नॅपकिन

ईशाच्या आईनं पर्समधून पांढरा नॅपकिन काढला, झटकला आणि माझ्या डाव्या खांद्यावर पसरला. बोट लागणार नाही अशा बेतानं. "घाम येतो ना गं तुला. ईशाचा पाय घसरायला नको," म्हणाल्या. मग लेकीला म्हणाल्या, "हं, ठेव आता पाय."

ईशानं पाय ठेवला. मी तिला उचललं.

रत्नागिरीत आमच्या कॉलेजच्या संगीत नाटकाची तालीम चालली होती. शेवटच्या नाचात ईशाला वर उचलायचं होतं. तिचा एक पाय माझ्या खांद्यावर, दुसरा सायलीच्या. नाच बसवणाऱ्या सरांनी आधीच बजावलं होतं, "मध्ये सुटं कापड नको. ओढणी नको, अंगाला तेल नको. पाय थेट खांद्यावर. नाहीतर कुणाचं तरी हाड मोडेल." आता तेच सर नॅपकिन बघून मोबाइलमध्ये गाणं शोधायला लागले.

काकू रोज तालमीला यायच्या. सगळ्यांना चकल्या द्यायच्या, गोड बोलायच्या. आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "गाव कुठलं गं तुझं? वाडी कुठली?" बौद्धवाडी, मी सांगितलं. आमच्याकडे वाडी सांगितली की जात वेगळी सांगावी लागत नाही. "अस्सं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नॅपकिन आला.

मला हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण नाटकात घेतलंय याचाच आनंद एवढा होता की मी कळून घेतलं नाही.

तालीम संपल्यावर काकू म्हणाल्या, "हा तूच ने हो. धुऊन आण." मी नेला, धुतला, दोरीवर घातला. आई भाकऱ्या थापत होती. "ह्यो कोनाचा गो?" तिनं विचारलं. मी घामाचं सांगितलं. मान वर न करता ती म्हणाली, "आनि त्या दुसऱ्या पोरीला घाम येत नाय?"

सायलीचा टी-शर्ट तर पाठीला चिकटायचा. तिच्या खांद्यावर कधी काही पसरलं नव्हतं. मला आधी लाज वाटली. मग लाज माझी नाहीच हे लक्षात आलं आणि डोकं तापलं.

दुसऱ्या दिवशी नॅपकिन सरकला. ईशा तिरकी झाली, कोसळली. मी तिला कमरेला धरून अंगावर घेतलं. तिला खरचटलंही नाही, माझं कोपर सोललं. काकू धावत आल्या. तिचे पाय चाचपले आणि मला म्हणाल्या, "नीट उभं राहता येत नाही का गं?" मग पडलेला नॅपकिन उचलून पुन्हा माझ्याकडे आल्या.

मी मागे सरले. "काकू, सायलीला का नाही?"

सर म्हणाले, "अगं, एवढ्याशा फडक्यासाठी तालीम कशाला थांबवतेस?"

"एवढंसंच आहे ना सर? मग काढून टाका."

नाही काढलं. मला मागच्या रांगेत जायला सांगितलं आणि कोपऱ्यातलं लाकडी बाक ओढून आणलं. ईशा त्यावर चढली. धुळीनं माखलेलं बाक चाललं, त्यावर नॅपकिन लागला नाही. ईशा माझ्याकडे बघत होती.

मी मागच्या रांगेत गेले नाही. तालीम सोडून घरीही गेले नाही. रोज तालमीला येते आणि नाचात माझी जी जागा ठरली होती तिथेच उभी राहते. बाक तिथे मावत नाही. नाच तिथे येऊन अडतो.

काल सर बाजूला घेऊन म्हणाले, "कशाला वाईटपणा घेतेस? चांगली नाचतेस."

ईशाला मी आजही उचलेन, पडूही देणार नाही. पण आधी काकूंनी सगळ्यांसमोर सांगायचं, नॅपकिन कशासाठी होता. घामासाठी म्हणाल्या तर चालणार नाही. खरं कारण, त्यांच्या तोंडून. तोवर नाटक अडलं तर अडू दे. मी या जागेवरून हलणार नाही.